संडासातलं सामान

“टिश्यूची पाकिटं वर, फिनेलचे कॅन खाली. आणि ते साबणाचं खोकं दाराशी ठेवू नकोस, आत सरकव,” आप्पा कॅम्परच्या पायरीवर उभं राहून सांगत होते.

“आत म्हणजे कुठं?”

“अगं, संडासात. दुसरं कुठं?”

मी खोकं उचलून संडासात सरकवलं. हे आमचं नेहमीचंच होतं. आप्पांच्या कॅम्परमध्ये, म्हणजे त्या चाकांवरच्या घरात, पलंग होता, छोटा ओटा होता, गॅस होता, हातभर उंचीचा फ्रीज होता आणि मागच्या कोपऱ्यात फायबरच्या दाराआड एक पांढराशुभ्र संडास होता. गाडी पुण्याहून बनवून आणली त्या दिवशी अख्ख्या गल्लीनं तो संडास बघितला होता. त्यानंतर तो कुणी बघितला नाही आणि वापरला तर नाहीच नाही. हळूहळू त्यात सामान जायला लागलं, आणि वर्ष उलटायच्या आत तो घरातल्या माळ्यासारखा भरून गेला.

आप्पा म्हणजे माझे मोठे दीर. कऱ्हाडात त्यांचं टाइल्स, बेसिन आणि कमोडचं मोठं दुकान. दुकानात कमोड रांगेनं मांडलेले, आणि गिऱ्हाइकाबरोबर आलेलं एखादं पोर चुकून त्यावर टेकलं, की आप्पा गल्ला सोडून धावत यायचे. “माल कोरा राहिला पाहिजे,” असं ते सगळ्यांना बजावायचे. गाडीतला संडासही त्यांच्या लेखी मालच होता.

गाडी त्यांची, फिरणं त्यांचं, आवरणं माझं. आम्ही खालच्या मजल्यावर राहायचो आणि कॅम्पर आमच्या मागच्या शेडमध्ये उभी असायची, म्हणून किल्ली माझ्याकडे. सहल झाली की ओल्या साबणाच्या वड्या उन्हात सुकवायच्या, कारण ओला साबण डब्यात टाकला की त्याचा लगदा होतो. सुकल्या की पत्र्याच्या डब्यात बंद करायच्या, कारण उंदरांना साबण पेढ्यासारखा लागतो. अर्ध्या शांपूच्या बाटल्यांच्या तोंडाला प्लॅस्टिक लावून रबर गुंडाळायचं. डासांच्या अगरबत्त्या सर्दावू नयेत म्हणून तांदळाच्या डब्यात खुपसायच्या. टॉवेल धुवायचे, कोपऱ्याकोपऱ्यात डांबराच्या गोळ्या टाकायच्या, आणि पुढच्या सहलीचं नवं सामान भरायचं. माझे यजमान साखर कारखान्यात केमिस्ट. हंगाम सुरू झाला की ते घरात पाहुण्यासारखे येऊन जायचे, त्यामुळे माझ्या बाजूनं बोलायला घरात कुणी नसायचं. मला त्याचं फारसं काही वाटायचंही नाही. काम करायला मी कधी मागं हटलेली नाही.

“ह्या वेळी दुप्पट भर,” आप्पा म्हणाले. “मुलाकडचे आहेत. त्यांना काही कमी पडलं असं व्हायला नको.”

आप्पांच्या मुलीचं, गिरिजाचं, बार्शीच्या उंबरज्यांकडे जवळजवळ जमलं होतं. मुलगा चांगला होता, गिरिजाला पसंत होता. मुलाच्या आईवडिलांना माणदेशात हुरडा खायला न्यायचं, तिथून कऱ्हाडला घरी आणायचं आणि सुपारी फोडायची, असा आप्पांचा बेत होता. आणि हे सगळं कॅम्परमधून. फोनवर त्यांनी उंबरज्यांना गाडीचं इतकं वर्णन केलं होतं, की बोलताना त्यांनाच धाप लागत होती.

“दुप्पट भरते,” मी म्हणाले.

आणि मला खरोखरच भरायचं होतं. दिवाळीपासून मी आप्पांचा एक हिशेब मनात धरून बसले होते.

माझी आई माझ्याजवळ राहायची. मला भाऊ नाही. वडील गेल्यावर मी तिला विट्याकडच्या आमच्या गावातून घेऊन आले, तेव्हा आप्पा काही बोलले नाहीत, फक्त एकदा जिन्यातून उतरताना, “किती दिवस मुक्काम?” असं विचारून गेले. आईनं ते ऐकलं होतं. मुलीच्या सासरी राहणारी बाई म्हणून ती घरात अशी वावरायची, की भांड्याचा आवाज झाला तरी तिलाच चोरट्यासारखं व्हायचं. आप्पा समोर आले की डोक्यावरचा पदर आणखी पुढं ओढायची. ते मुलाकडचे, आपण मुलीकडचे, हे तिच्या हाडात मुरलेलं होतं. माझ्या लग्नाला वीस वर्षं होऊन गेली होती तरी.

तिनं समुद्र बघितलेला नव्हता. दिवाळी झाल्यावर आप्पा आणि अक्का, म्हणजे माझी थोरली जाऊ, गुहागरला निघाले होते आणि स्वयंपाकाला म्हणून मीही बरोबर होते. मी आप्पांना म्हटलं, आईला घेऊ या का? त्यांनी जरा विचार केल्यासारखं दाखवलं आणि मग, “येऊ देत की मावशींना,” असं मोठेपणानं म्हणाले.

आईला साखरेचा आजार. त्या दिवशी तिनं सकाळपासून चहासुद्धा अर्धाच घेतला होता, प्रवासात कुणाला त्रास नको म्हणून. तरी पाटणच्या पुढं गेल्यावर तिनं माझा हात दाबला.

“शैला, जरा गाडी थांबवाय सांग.”

मी सांगितलं. आप्पा गाडी चालवत होते. “आत्ताच पाटणला थांबलो होतो की.”

“तिथल्या हॉटेलातल्या बायकांच्या संडासाला कुलूप होतं. तिला तेव्हा जाता आलं नाही.”

“आता घाट लागला. इथं कुठं थांबणार? चिपळूणला बघू.”

“तोवर तिला दम निघणार नाही. गाडीतलं उघडते ना मी.”

“आत सामान आहे,” आप्पा म्हणाले. “ते काढायचं म्हणजे तासाचं काम. आणि शैला, एकदा वापरला की वापरला. मग त्याची टाकी कोण साफ करणार?”

“मी करीन.”

“चिपळूण आलंच आता. मावशी, जरा दम काढा की.”

“व्हय, व्हय. काढते,” आई म्हणाली.

कुंभार्ली घाटाला वळणं किती आहेत हे मला विचारू नका. प्रत्येक वळणाला आई माझा हात घट्ट धरत होती. मग एका वळणावर तिनं हात सोडून दिला. मी बघितलं तर ती मान ताठ ठेवून खिडकीबाहेर बघत होती, आणि लुगड्याचा पदर काढून हळूच स्वतःच्या खाली सरकवत होती. सीट भिजू नये म्हणून.

आप्पांना वास आला. त्यांनी गाडी थांबवली. जी गाडी मघाशी थांबत नव्हती ती आता कठड्याला लागून व्यवस्थित थांबली. त्यांनी सीटचं कव्हर काढलं, बाटलीतल्या पाण्यानं धुतलं आणि येणाऱ्या-जाणाऱ्या सगळ्या गाड्यांना दिसेल असं बॉनेटवर वाळत घातलं. आई रस्त्याच्या कडेला ओल्या लुगड्यानं उभी होती. पुढचा सगळा प्रवास त्यांनी तिला खताच्या रिकाम्या पोत्यावर बसवलं.

“सीट नवीन आहे,” ते म्हणाले. “मावशी, वाईट वाटून घेऊ नका.”

गुहागरला आई गाडीतून उतरली नाही. तिनं समुद्र काचेतून बघितला, तोही मी फारच आग्रह केला म्हणून. आणि आप्पांनी तिथल्या लॉजच्या मालकाला हसत हसत सांगितलं, की आमच्या मावशींना समुद्राची एवढी घाई, की त्यांनी तो घाटातच आणला. हा विनोद त्यांना फार आवडला. तो त्यांनी दुकानात सांगितला, भाऊबंदांत सांगितला, गल्लीत सांगितला. भजनाच्या मंडळात एका बाईनं आईला, “काय गं, घाटात काय झालं?” म्हणून विचारलं, त्या दिवसापासून आईनं भजनाला जायचं सोडलं. लग्नाकार्याला यायचं सोडलं. पाणी तर ती घोट घोट प्यायला लागली, तेही औषधाच्या गोळीपुरतं. डॉक्टर रागावले, “आजी, मूत्रपिंडं खराब होतील, पाणी प्या.” ती त्यांना हो म्हणाली आणि घरी येऊन पुन्हा तसंच.

मला आप्पांचा राग आला होता असं म्हणणं फारच कमी आहे. मला सूड घ्यायचा होता. भाजी चिरताना, शेडमध्ये साबण सुकवताना, रात्री अंथरुणावर, मी दुसरं काही ठरवतच नव्हते. माझ्या आईची मान ज्या गाडीत खाली गेली, त्याच गाडीत, माणसांसमक्ष, त्यांची मान खाली गेलेली मला बघायची होती.

पहिल्यांदा मनात आलं, साबणाचा डबा उघडा टाकावा. उंदीर शेडमध्ये होतेच. ते साबणाला आले असते आणि साबण संपल्यावर वायरींना लागले असते. पण मग विम्यातून गाडी दुरुस्त झाली असती आणि बोलणी मी खाल्ली असती. मला वायरी नको होत्या, मला आप्पा हवे होते.

आणि आप्पांनीच मला वाट दाखवली. दुप्पट भर म्हणाले. उंबरजे काकू वयस्कर, अंगानं भारी, दिवसभराचा प्रवास. कधीतरी त्या विचारणारच. आप्पांनी तर फोनवर सांगूनच ठेवलं होतं, काकूंना कुठं धाब्यावर जायला नको, गाडीतच सगळी सोय आहे. काकू विचारतील, आप्पांना दार उघडावं लागेल आणि आत गोदाम निघेल. होणाऱ्या विहिणीसमोर. त्या वेळी त्यांचं तोंड कसं होईल, याचा विचार करतच मी दोन दिवस सामान भरत होते.

मी भरलंही तसंच. खाली फिनेल आणि हँडवॉशचे कॅन, त्यावर साबणाची खोकी, शांपूची खोकी, टूथपेस्ट, नॅपकिन, कागदी पेले, पत्रावळ्यांचे गठ्ठे, टॉयलेट पेपरची रिळं पार छतापर्यंत. फटीफटीत चादरी कोंबल्या. सगळ्यात पुढं एक घडीची गादी उभी केली आणि हे सगळं नायलॉनच्या दोरीनं आवळून बांधलं.

गाठ मारताना मागं चाहूल लागली. आई शेडच्या दारात उभी होती.

“एवढं कशापायी भरतीस?”

“आप्पांनी सांगितलंय. मुलाकडचे येणारेत.”

आईनं त्या दाराकडे बघितलं. घाटानंतर ती गाडीजवळ पहिल्यांदाच आली होती. “मग भर,” ती म्हणाली, आणि पुढं होऊन दोरीचं दुसरं टोक धरलं. “ओढ. ढिली राहील.”

आप्पांनी संध्याकाळी येऊन बघितलं. गादीवर एक थाप मारली. “शाब्बास. आता काही हलत नाही.”

आईला चल म्हणून विनवायची मी तयारी केली होती. तिच्या डोळ्यांनी हे सगळं तिनं बघावं असं मला वाटत होतं. पण विनवावं लागलं नाही. सकाळी मी आवरत होते तर ती पांढरं स्वच्छ लुगडं नेसून, काठी घेऊन ओसरीवर बसलेली.

“येते मी बी,” ती म्हणाली.

आप्पांनी कपाळाला आठी घातली आणि मला बाजूला घेऊन, “पुन्हा तसलं काही…” असं सुरू केलं. मी म्हटलं, काळजी करू नका, आईच्या सीटवर प्लॅस्टिक अंथरलंय. ते ऐकून ते खूश झाले. प्लॅस्टिक मी अंथरलेलं नव्हतं.

म्हसवडच्या अलीकडे आप्पांच्या मित्राचं शेत होतं. उंबरजे काका-काकू बार्शीहून तिथंच आले. काका मितभाषी, बघत बसणारे. काकू मात्र मोकळ्या, हसऱ्या, मोठ्या आवाजाच्या. आल्या आल्या त्यांनी आईचा हात धरला आणि शेजारी बसवून घेतलं. आगट्या पेटल्या होत्या, कणसं भाजली जात होती, गरम हुरडा चोळून ताटात पडत होता. आणि आप्पांना जोर चढला.

“अहो काका, हुरडा असा चिमटीनं खातात होय? मूठ भरून टाका तोंडात!” म्हणत त्यांनी मुठीमागून मुठी हाणल्या. लसणाची चटणी, गूळ, दही, शेंगा. त्यावर उसाचा रस. आणि नंतर, गाडीतला फ्रीज पाहुण्यांना दाखवायचा म्हणून, बर्फासारखं गार पाणी. दाखवायला काढलेली बाटली त्यांनी स्वतःच संपवली. हुरड्यावर गार पाणी पिऊ नये हे आमच्याकडे पोरासोरालाही ठाऊक असतं. मी गप्प बसले. अक्का म्हणाल्या, “अहो, पुरे की,” तर त्यांच्यावरच डाफरले.

परतीच्या वाटेवर मी काकूंकडे डोळे लावून बसले होते. दहिवडी गेलं, पुसेगाव गेलं. काकू काही विचारेनात. त्यांचा आपला आईबरोबर गप्पांचा फड रंगला होता. आता सगळं फुकट गेलं, असं वाटून मी मनातून फार खट्टू झाले.

वर्धनगडच्या घाटात गाड्या थांबल्या. पुढं उसाचा ट्रेलर उलटला होता आणि सगळ्या रस्त्यावर ऊस पसरला होता. आमच्या पुढं ट्रकांची रांग, मागं गच्च भरलेली एसटी, एका बाजूला डोंगराची सरळ भिंत, दुसऱ्या बाजूला कठडा आणि खाली उतार. दुपारचं ऊन डोक्यावर. आप्पांनी इंजिन बंद केलं.

थोड्या वेळानं माझ्या लक्षात आलं, की आप्पांच्या मानेवर घाम आलाय. त्यांनी पट्टा एक भोक सैल केला. मग खाली उतरले, गाडीभोवती एक चक्कर मारली, एसटीकडे बघितलं, कठड्याखाली वाकून बघितलं आणि परत येऊन बसले. मग पुन्हा उतरले.

“काय झालं हो?” अक्कांनी विचारलं.

“काही नाही. पाय मोकळे करतोय.”

“पाय मोकळे करणाऱ्या माणसाचा चेहरा असा नसतो,” काकू म्हणाल्या. “पोटात कळ आलीय का?”

“हुरडा बाधला,” काका म्हणाले. दिवसभरातलं त्यांचं हे तिसरं की चौथं वाक्य असेल.

“मग लाजता काय एवढं?” काकू हसायला लागल्या. “आपल्यात कसली आलीय लाज! गाडीत सोय आहे म्हणून दहा वेळा सांगितलंत ना फोनवर? जा की.”

आप्पांनी आरशातून माझ्याकडे बघितलं. मी त्या आरशात अगदी सरळ बघत होते.

“शैला,” ते म्हणाले. “जरा ते सामान…”

“कुठलं सामान, आप्पा?”

“अगं, ते… संडासातलं.”

“संडासात सामान?” काकूंनी डोळे मोठे केले.

मी उठले आणि दार उघडलं. समोर गादी उभी, वर रिळं, भोवती दोरी. काका-काकू दोघंही वाकून बघायला लागले. अगोबाई, असं काकूंच्या तोंडून निघालं आणि मग त्यांना हसू आवरेना.

खरं सांगते, मी मुद्दाम वेळ काढला नाही. गाठीच तशा होत्या. आम्ही मायलेकींनी जीव लावून आवळल्या होत्या.

“काप ती दोरी!” आप्पा ओरडले.

“सुरी ड्रॉवरमध्ये आहे आणि ड्रॉवर अक्कांच्या पायामागं आहे. अक्का, उठता का? नाही, असू दे, सुटेल आता.”

आप्पांना धड उभं राहता येत नव्हतं, धड बसता येत नव्हतं. एका हातानं ते सीटची पाठ धरून होते आणि दुसरा हात पोटावर होता. क्षणभर मला गिरिजाची आठवण आली. तिचं बिचारीचं ह्यात काय पाप? बोलणी फिसकटली तर? पण त्यानं माझा हात काही भरभर चालला नाही. आणि तिचं लग्न मोडलं नाही, हे आत्ताच सांगून टाकते. उलट उंबरजे काकूंनी लग्नात, बारशाला, प्रत्येक पंगतीला हा किस्सा सांगितला आणि आप्पांच्या समुद्राच्या विनोदाला गल्लीत कुणी विचारेनासं झालं.

दोरी सुटली. गादी अक्कांच्या अंगावर दिली. रिळांचा ढीग काकांच्या मांडीवर, तो त्यांच्या हनुवटीला लागला. साबणाची खोकी, शांपूची खोकी काकूंकडे. त्या एकेक वाचत होत्या.

“आप्पा, दुकान घेऊन निघालात का काय? अहो, एवढ्या साबणात आमचं सगळं गाव आंघोळ करील!”

“फेका ते खाली रस्त्यावर!” आप्पा म्हणाले.

“फेकायचं कसं? नवा माल आहे,” मी म्हणाले.

शेवटचा फिनेलचा कॅन मी ओढून बाहेर घेतला आणि आतला कमोड दिसला. पांढराशुभ्र, चकचकीत. आप्पांनी मला जवळजवळ ढकलून एक पाय आत टाकला.

“थांबा.”

सगळे थांबले. आई बोलली होती. आप्पांसमोर इतक्या मोठ्यानं बोललेली मी तिला कधी ऐकलं नव्हतं. ती काठी टेकून उठली.

“आधी मी जाते.”

“मावशी, मला जरा घाईची…”

“मला बी घाईचीच हाय.”

“दोन मिनिटं, मावशी. फक्त दोन मिनिटं. हात जोडतो,” म्हणून आप्पांनी खरंच हात जोडले. माझ्या आईला. होणाऱ्या व्याह्यांसमोर.

आईनं त्या हातांकडे बघितलं. डोक्यावरचा पदर तिनं पुढं ओढला नाही. “आप्पा, तुमी गडीमाणूस. तुमाला डोंगर हाय, झाडं हाईत. मी बाईमाणूस घाटात कुठं जाऊ?”

आप्पांचा चेहरा बघायला मी दोन महिने थांबले होते. तो मी तेव्हा बघितला, पोटभर बघितला. त्यांना आठवलं होतं. सगळं आठवलं होतं.

“बरोबर आहे त्यांचं,” काकू म्हणाल्या. “सरका हो. म्हातारं माणूस आहे.”

आप्पा सरकले. आई आत गेली. कडी लागली. आतून प्लॅस्टिक फाडल्याचा आवाज आला. सीटवरचं कंपनीचं प्लॅस्टिक अजून तसंच होतं आणि आई ते शांतपणे, एकेक पट्टी करून सोलत होती. एक पट्टी सोलली की जरा थांबायची, मग दुसरी.

आप्पांनी दाराकडे एकदा बघितलं आणि काकूंच्या मांडीवरची पाण्याची बाटली उचलून ते पळाले. धावत कठडा ओलांडला आणि उतरणीवर गेले. उतारावर झाडं म्हणावीत अशी नव्हतीच, चार-दोन घाणेरीची झुडपं होती. एसटीच्या त्या बाजूच्या सगळ्या खिडक्या उघडल्या. कुणीतरी शिट्टी मारली. कंडक्टर दारात उभा राहून ओरडला, “मालक, अजून खाली जावा, अजून खाली!”

आणि नेमकी तेव्हाच पुढची वाट मोकळी झाली. पोलिसानं हात केला, ट्रक हलले आणि आमची गाडी ड्रायव्हरशिवाय रस्त्याच्या मधोमध उभी. मागून हॉर्नचा नुसता गलका झाला. “अरे, ड्रायव्हर कुठाय ह्या गाडीचा?” म्हणून मागचा जीपवाला उतरून आला, तेव्हा अख्ख्या एसटीनं हात करून त्याला उतरणीकडे दाखवलं. काकूंच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं. काका रिळांमागं तोंड लपवून हलत होते. अक्कांनी पदरात तोंड खुपसलं होतं. मला वाटलं रडतायत, म्हणून खांद्यावर हात ठेवला, तर त्यांना हसू अनावर झालं होतं.

मी दार वाजवलं. “आई, बरी आहेस ना?”

“हाय की,” आतून आवाज आला. “बसलेय.”

आप्पा परत आले ते कुणाकडे न बघता. पँटीला गुडघ्यापर्यंत माती आणि कुसळं. स्टेअरिंगवर बसले आणि गाडी चालू केली. घाट उतरून कोरेगावचा फाटा दिसायला लागला तेव्हा कुठं कडी निघाली. आईनं बेसिनवर नव्या साबणाची वडी फोडून हात धुतले, नवा नॅपकिन घेऊन एकेक बोट पुसलं आणि सावकाश येऊन माझ्या शेजारी बसली.

मला आता काळजी वाटायला लागली होती. “एवढा वेळ? पोट बिघडलंय का तुझं?” मी हळूच विचारलं.

आई माझ्या कानाशी वाकली.

“मला लागलीच न्हवती,” ती म्हणाली. “आता दे पाणी.”